क्रिप्टो वॉलेटमध्ये ट्रान्झॅक्शन फेल दाखवतंय? आधी पैसे कुठे आहेत ते बघा

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "दादा, पैसे गेले का रे माझे?" तो इचलकरंजीत असतो, बाहेरदेशच्या क्लायंटना व्हिडिओ एडिट करून देतो आणि त्यातले एक-दोघं त्याला यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, पैसे देतात. दोन महिन्यांच्या कामाचे ३१० यूएसडीटी जमले होते, ते एक्सचेंजवर पाठवून विकायचे होते, बटण दाबलं तर लाल अक्षरात फेल्ड. परत दाबलं, परत तेच. मग त्याने एका टेलिग्राम ग्रुपवर विचारलं आणि दोन मिनिटांत कुणीतरी "सपोर्ट टीम" म्हणून मेसेज केला, सोबत लिंक, लिंक उघडली तर बारा रिकाम्या चौकटी, वॉलेट व्हेरिफाय करायला तुमचे बारा शब्द टाका. हे बारा शब्द म्हणजे वॉलेटची मूळ किल्ली, ज्याच्या हातात ते त्याच्या हातात पैसे. त्याने नऊ शब्द टाकले होते. दहावा शब्द वहीत पुसट झाला होता, नीट लागत नव्हता, म्हणून हात थांबला आणि त्याने मला फोन लावला.

मी आधी त्याला ते पान बंद करायला लावलं आणि त्याचा वॉलेटचा पत्ता मागितला. फक्त पत्ता, बाकी काही नको. त्याचे यूएसडीटी ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर होते, म्हणून पत्ता ट्रॉनस्कॅन या वेबसाइटवर टाकला, ३१० यूएसडीटी जागच्या जागी होते. हे बघायला पासवर्ड लागत नाही, परवानगी लागत नाही, ब्लॉकचेन ही सगळ्यांना उघडी असलेली वही आहे, पत्ता माहीत असला की कुणालाही त्या पत्त्याची शिल्लक दिसते. आणि हीच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते म्हणून लोक घाबरतात. आपल्याला वाटतं पैसे मोबाईलमधल्या ॲपमध्ये आहेत. ते तिथे नसतातच. ॲपमध्ये असते ती फक्त किल्ली, म्हणजे सही करायचा अधिकार, आणि शिल्लक असते त्या वहीत. ॲप जे दाखवतं ती त्याने वहीत डोकावून आणलेली बातमी असते, कधी ती शिळी असते, कधी अर्धवट. म्हणून ॲपने फेल्ड म्हटलं, पेंडिंग म्हटलं, शिल्लक शून्य दाखवली, काहीही झालं तरी वही उघडून बघायची. ईथरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, सोलानासाठी सोलस्कॅन, यांना एक्सप्लोरर म्हणतात आणि सगळे फुकट आहेत.

प्रत्येक ट्रान्झॅक्शनला एक लांबलचक नंबर मिळतो, त्याला हॅश किंवा ट्रान्झॅक्शन आयडी म्हणतात, रजिस्टर पोस्टाच्या पावतीवरच्या नंबरासारखा समजा. वॉलेटच्या हिस्टरीत त्या एंट्रीवर दाबलं की तो सापडतो. तो एक्सप्लोररमध्ये टाकायचा. काहीच सापडलं नाही तर बहुतेक वेळा तुमचं ट्रान्झॅक्शन फोनमधून बाहेरच पडलेलं नाही. पेंडिंग दिसलं तर ते बाहेर पडलंय पण ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या वहीच्या नव्या पानावर, बसायची वाट बघतंय. आणि फेल दिसलं, ब्लॉक नंबरसकट, तर ते पोचलं, नेटवर्कने ते चालवून पाहिलं आणि काम फसलं. तिन्हीचे उपाय एकदम वेगळे आहेत, आणि हे न बघता घाईघाईत परत परत सेंड दाबणं हे सगळ्यात महागात पडतं, कारण पहिलं नुसतं अडकलेलं असेल तर थोड्या वेळाने दोन्ही जातात, आणि समोरचा परत देईल याची खात्री काय.

फोनमधूनच बाहेर न पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फीसाठी लागणारं नाणं नसणं. हे नवीन माणसाला पटतच नाही. वॉलेटमध्ये ३१० यूएसडीटी आहेत, मग त्यातूनच फी कापून घ्या की! पण ठराविक सोयी सोडल्या तर साध्या वॉलेटमध्ये तसं होत नाही. ज्या रस्त्याने पाठवताय त्या रस्त्याचं स्वतःचं नाणं असतं आणि टोल त्यातच भरायचा. ईथरियमवर ईथर, ट्रॉनवर टीआरएक्स, बीएनबी चेनवर बीएनबी, पॉलिगॉनवर पीओएल, ज्याचं नाव सप्टेंबर २०२४ पर्यंत मॅटिक होतं. "इनसफिशियंट फंड्स फॉर गॅस" असा मेसेज आला की समजायचं टोलाचे पैसे नाहीत, गॅस म्हणजे नेटवर्कला लागणाऱ्या मेहनतीचं माप. याचाच दुसरा प्रकार म्हणजे वॉलेटमधलं सगळंच्या सगळं ईथर पाठवायचं म्हणून आकडा हाताने टाकणं, मग फीला काही उरत नाही आणि ॲप नाही म्हणतं. थोडं मागे ठेवा, जातं.

भावाचं दुखणं याच्याच जवळचं होतं पण एक पायरी पुढचं. त्याच्याकडे थोडे टीआरएक्स होते, पुरेसे नव्हते. ट्रॉनवर दोन गोष्टी खर्च होतात, बँडविड्थ आणि एनर्जी. बँडविड्थ रोज ६०० पॉइंट फुकट मिळते, म्हणून साधे टीआरएक्स पाठवताना बऱ्याचदा फीच लागत नाही आणि लोकांचा समज होतो की ट्रॉन फुकट आहे. पण यूएसडीटी हा टोकन आहे, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं नाही, ट्रॉनवर आलेलं पाहुणं नाणं, तो हलवायला एक छोटा प्रोग्राम चालवावा लागतो आणि त्याला एनर्जी लागते, साधारण ६५ हजार, आणि ज्याला पाठवताय त्याच्या पत्त्यावर आधी एकही यूएसडीटी नसेल तर जवळपास दुप्पट, १ लाख ३० हजारांच्या आसपास. एनर्जी नसली की तेवढे टीआरएक्स जाळले जातात. त्याचे टीआरएक्स अर्ध्या वाटेत संपले, ट्रॉनस्कॅनवर लाल अक्षरात आउट ऑफ एनर्जी, यूएसडीटी तसेच, पण जळलेले टीआरएक्स गेले ते गेले. दुसरं तर बाहेरच पडलं नव्हतं.

हे "काम झालं नाही तरी फी गेली" प्रकरण लोकांना फार लागतं, आणि मला ते समजतं, पण त्यामागे कारण आहे. तुम्ही रिक्षा करून तहसील कचेरीत गेलात, साहेब जागेवर नाहीत, दाखला मिळाला नाही, तरी रिक्षावाल्याचे पैसे द्यावेच लागतात कारण त्याने तुम्हाला तिथपर्यंत नेलं. फी ही नेटवर्कने केलेल्या मेहनतीची असते, तुमच्या कामाच्या निकालाची नाही. ती परत मिळत नाही, कुठल्याही कस्टमर केअरला ती परत करता येत नाही, आणि "फेल झालेली गॅस फी परत मिळवून देतो" असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे. आपल्याकडे तर आणखी एक टोचणी आहे, १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर जो ३० टक्के कर आहे त्यात खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही, म्हणजे ही जळालेली फी पण नाही.

त्या रात्री पुढे काय केलं ते सांगतो कारण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्याला वाटत होतं की बारापैकी नऊच शब्द टाकले आणि सबमिट दाबलं नाही म्हणजे सुटलो. तसं नसतं. असली पानं तुम्ही टाइप करताय ते अक्षर न अक्षर तिकडे पाठवत असू शकतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात, नऊ कळले आणि तीन उरले तर शक्यता होतात २०४८ गुणिले २०४८ गुणिले २०४८, म्हणजे सुमारे ८५९ कोटी. आकडा मोठा वाटतो पण कॉम्प्युटरला तो मोठा नाही. म्हणून ते वॉलेट गेलंच असं धरून चालायचं. माझ्या वॉलेटमधून त्याला टीआरएक्स पाठवले, त्याने त्याच फोनवर नवीन वॉलेट काढलं, नवे बारा शब्द कागदावर लिहिले, मी फोनवर म्हटलं मला वाचून दाखवू नकोस, तूच दोनदा वाच. मग जुन्यातले ३१० नव्या पत्त्यावर. नव्या पत्त्यावर आधी यूएसडीटी नव्हते म्हणून एनर्जी दुप्पट लागणार हे धरूनच टीआरएक्स जास्त पाठवले होते. बारा चाळीसला ट्रॉनस्कॅनवर हिरवं आलं, तेव्हा कुठे तो फोनवर नीट बोलायला लागला.

आता अडकलेलं ट्रान्झॅक्शन. इथे ईथरियम आणि बिटकॉइन दोन्हीचं वेगळं सांगावं लागतं. ईथरियमवर ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडनंतर फीचे दोन भाग आहेत, बेस फी जी नेटवर्क ठरवतं आणि जी जाळली जाते, आणि वरची टिप जी ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते. गर्दी झाली की बेस फी दर ब्लॉकला जास्तीत जास्त साडेबारा टक्के वाढते. कमी वाटतं ना? पण ब्लॉक दर १२ सेकंदांनी येतो, मिनिटात पाच, पाचही गच्च भरलेले आले तर एका मिनिटात फी ८० टक्के वाढते. तुम्ही फी बघितली, चहा गाळून आलात आणि मग कन्फर्म दाबलं, तेवढ्यात भाव बदललेला असतो. तुम्ही लावलेली कमाल फी बेस फीपेक्षा खाली गेली की ट्रान्झॅक्शन बाहेर बसून राहतं, नाकारलं जात नाही आणि घेतलंही जात नाही.

आणि मग येतो नॉन्स, ज्याच्यामुळे माझी स्वतःची एक अख्खी दुपार गेली होती. प्रत्येक पत्त्याच्या ट्रान्झॅक्शनला ओळीने नंबर असतो, ०, १, २, ३ असा, त्याला नॉन्स म्हणतात. दवाखान्यात नंबर लावतो तसं, पण इथे नियम एकदम कडक, सातवा आत गेल्याशिवाय आठव्याला सोडतच नाहीत, सातवा बाहेर टपरीवर गेला असला तरी. मी फी वाचवायला ४१ नंबरचं ट्रान्झॅक्शन अगदी कमी फीवर टाकलं, ते अडकलं, मग मला वाटलं नेटवर्कचं काहीतरी झालंय म्हणून ४२, ४३, ४४ चांगली जास्त फी लावून टाकले. सगळे पेंडिंग. फी वाढवत गेलो आणि काहीच हलेना, कारण मागच्यांनी कितीही फी दिली तरी पुढचा ४१ दारात बसून होता. यावर उपाय एकच, ४१ ला हलवणं. बहुतेक वॉलेटमध्ये पेंडिंग एंट्रीवर स्पीड अप आणि कॅन्सल अशी दोन बटणं असतात. स्पीड अप म्हणजे तेच ट्रान्झॅक्शन, तोच नंबर, जास्त फी. कॅन्सल म्हणजे त्याच नंबरचं पण स्वतःच स्वतःला शून्य ईथर पाठवणारं दुसरं ट्रान्झॅक्शन, त्यालाही फी लागते, आणि ते आधी ब्लॉकमध्ये बसलं की जुनं आपोआप बाद. नवी फी जुन्यापेक्षा निदान १० टक्के जास्त हवी, नाहीतर नेटवर्कवरचे कॉम्प्युटर ती बदली घेतच नाहीत आणि "रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड" असा मेसेज येतो. एक्सप्लोररवर मग जुन्यासमोर ड्रॉप्ड अँड रिप्लेस्ड दिसतं, ते बघून घाबरायचं नाही, ते बरोबर आहे. एक लक्षात ठेवा, कॅन्सल हे पेंडिंग असेपर्यंतच. एकदा ब्लॉकमध्ये बसलं की परत फिरवणारं बटण जगात कुणाकडे नाही.

कधीकधी एक्सप्लोररवर सगळं नीट पार पडलेलं असतं आणि ॲपच पेंडिंग पेंडिंग करत बसतं, किंवा "नॉन्स टू लो" म्हणतं. तेव्हा ॲपची आठवण बिघडलेली असते. मेटामास्क या वॉलेट ॲपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हिटीचा डेटा क्लियर करायची सोय आहे, त्याने फक्त फोनमधली यादी पुसते, पैशाला धक्का लागत नाही. पण कृपा करून ॲप काढून परत टाकायचा उद्योग करू नका, निदान ते बारा किंवा चोवीस शब्द कागदावर आहेत आणि वाचता येतायत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर नकोच. अडकलेलं ट्रान्झॅक्शन सुटतं, किल्ली हरवली तर काहीच सुटत नाही.

बिटकॉइनमध्ये नॉन्सची रांग नाही, तिथे फी मोजतात ट्रान्झॅक्शनच्या आकारावर, दर बाइटला किती सातोशी अशी, सातोशी म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात बारीक तुकडा. रक्कम ५०० रुपयांची असो की ५० लाखांची, फीचा तिच्याशी संबंध नाही. वॉलेटमध्ये बारीक बारीक रकमा खूप वेळा आलेल्या असतील तर त्या सगळ्या जोडून पाठवताना आकार वाढतो आणि फी पण, गुल्लक फोडून चिल्लर मोजून द्यावी तसं. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, गर्दीत कमी फीवाले मेमपूलमध्ये, म्हणजे वेटिंग हॉलमध्ये, बसून राहतात. २० एप्रिल २०२४ ला हाल्व्हिंग झालं, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याला मिळणारी नवी बिटकॉइन निम्मी झाली, त्या दिवशी फी इतकी चढली होती की नेहमीच्या हिशोबाने टाकलेली ट्रान्झॅक्शन तशीच लटकली. यातून बाहेर पडायचे दोन रस्ते, वॉलेटमध्ये फी वाढवायचं बटण असेल तर ते वापरायचं, किंवा पैसे ज्याला येणार आहेत त्याने ते येणारेच पैसे पुढे जास्त फी लावून पाठवायचे, म्हणजे ती फी हवी असेल तर मायनरला, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याला, दोन्ही एकत्र घ्यावी लागतात. काहीच नाही केलं तर बहुतेक नोड, म्हणजे नेटवर्कवरचे कॉम्प्युटर, दोन आठवड्यांनी ते विसरतात आणि पैसे तुमच्याकडे मोकळे दिसतात. पण विसरले म्हणजे रद्द झालं असं नाही, कुणीही ते जुनं ट्रान्झॅक्शन परत नेटवर्कवर टाकू शकतो, म्हणून त्याच समोरच्याला परत पाठवताना तेच नाणं, म्हणजे जुन्या ट्रान्झॅक्शनमध्ये वापरलेली तीच आलेली रक्कम, वापरून पाठवा, मग दोन्ही जाणं शक्यच राहत नाही.

सोलानावर ही भानगड छोटी आहे. तिथे ट्रान्झॅक्शनला मुदत असते, १५० ब्लॉकची, म्हणजे साधारण मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात बसलं नाही तर ते मेलं, एक्सप्लोररवर बघून खात्री करायची आणि नव्याने पाठवायचं.

राहिलं ते ब्लॉकमध्ये जाऊन फेल झालेलं. इथरस्कॅनवर अशा ट्रान्झॅक्शनच्या पानावर गॅस लिमिट आणि त्यातला किती वापरला ते टक्क्यात असतं, पहिली नजर तिथे टाका. शंभर टक्के किंवा अगदी त्याच्याजवळ असेल तर गॅस कमी पडला. साधं ईथर एका साध्या पत्त्यावर पाठवायला बरोबर २१,००० गॅस लागतो, एका गॅसचा भाव २० ग्वेई असेल (ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग) तर फी ०.०००४२ ईथर होते. पण टोकनला जास्त लागतो, कुठेतरी वाचून कोणी हाताने लिमिट कमी ठेवलं आणि टोकन पाठवला की ठरलेलं फेल. लिमिट वॉलेटला ठरवू द्या, न वापरलेला गॅस तसाही परत मिळतो, लिमिट कमी ठेवून बचत काहीच होत नाही.

गॅस उरलेला असूनही फेल असेल, "रिव्हर्टेड" असं लिहिलेलं असेल, तर समोरच्या प्रोग्रामनेच नाही म्हटलंय. टोकन अदलाबदल करताना हे जास्त होतं. तुम्ही बटण दाबल्यापासून ब्लॉकमध्ये जाईपर्यंत भाव हलला, तुम्ही मान्य केलेल्या मर्यादेबाहेर गेला, की व्यवहार मोडतो, त्या मर्यादेला स्लिपेज म्हणतात. "इनसफिशियंट आउटपुट अमाउंट" लिहिलेलं असेल तर हेच. मर्यादा अर्ध्या टक्क्याची एक टक्का केली की बऱ्याचदा जातं. पण वैतागून २० टक्के करू नका, पेंडिंग व्यवहारांवर नजर ठेवून बसलेले बॉट असतात, ते तुमच्या पुढे खरेदी करून भाव चढवतात आणि तुम्ही ती २० टक्के महाग वस्तू घेतल्यावर विकून मोकळे होतात. आणि एखादा टोकन घेता येतो पण विकताना काहीही केलं तरी फेलच होतो, स्लिपेज वाढवा, गॅस वाढवा, काही उपयोग नाही, तर तो टोकनच तसा बनवलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यात आणखी फी घालू नका, थांबा.

अदलाबदलीआधी त्या प्रोग्रामला तुमचा टोकन उचलायची परवानगी द्यावी लागते, तिला अप्रूव्ह म्हणतात, ती दिलीच नसेल किंवा कमी रकमेची दिली असेल तरी फेल होतं. ईथरियमवरच्या यूएसडीटीची इथे एक खोड आहे, आधी दिलेली परवानगी सरळ बदलता येत नाही, आधी ती शून्य करायची आणि मग नवी द्यायची. हे माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास डोकं आपटतात.

आणि एक प्रकार असा की एक्सप्लोररवर सक्सेस आहे, हिरवं आहे, पण समोर पैसे दिसत नाहीत. हे फेल नाहीच. इथे बहुतेक वेळा रस्ता चुकलेला असतो. ईथरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन यांवर पत्ता एकच असतो, झीरो एक्सने सुरू होणारा, त्यामुळे तुम्ही बीएनबी चेनवरून पाठवलं आणि समोरचा ईथरियमवर शोधतोय असं होतं. स्वतःच्या वॉलेटवर पाठवलं असेल तर वॉलेटमध्ये ते दुसरं नेटवर्क उघडलं की पैसे तिथेच बसलेले दिसतात. एक्सचेंजच्या पत्त्यावर असं झालं तर किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांनाच ते काढावं लागतं, काही एक्सचेंज काढून देतात, फी घेतात, वेळ लावतात, काही देत नाहीत. एक्सआरपी हे नाणं पाठवताना डेस्टिनेशन टॅग, म्हणजे एक्सचेंजवरचं खातं ओळखायचा नंबर, विसरलात तरी हेच, पैसे एक्सचेंजकडे पोचलेले असतात पण ते कुणाच्या खात्यात टाकायचे हे त्यांना कळत नाही.

परत पाठवताना पत्ता वॉलेटच्या हिस्टरीतून उचलू नका ही एक विनंती. काही लोक तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवून त्यावरून शून्य रक्कम पाठवून ठेवतात, म्हणजे तो हिस्टरीत वर येऊन बसतो आणि घाईत असलेला माणूस तोच कॉपी करतो. पत्ता मूळ जागेवरून घ्या, मधली अक्षरं पण जुळवा, आणि रक्कम मोठी असेल तर आधी थोडे पाठवून पोचल्याचं बघा.

एक्सचेंजमधून काढलेले पैसे अडकले असतील आणि त्यांनी ट्रान्झॅक्शन आयडीच दिला नसेल तर पैसे अजून त्यांच्याच घरात आहेत, ब्लॉकचेनवर शोधून उपयोग नाही, त्यांच्या ॲपमधूनच तक्रार टाका. तक्रारीत हॅश असेल तर हॅश, नेटवर्कचं नाव, नाणं, रक्कम, दोन्ही पत्ते आणि वेळ एवढं लिहा, स्क्रीनशॉट जोडा. याहून जास्त त्यांना काही लागत नाही, बारा शब्द तर अजिबात नाही. ते शब्द कुठे देऊन बसला असाल आणि पैसे जाताना दिसत असतील तर उरलेलं लगेच नव्या वॉलेटवर हलवा आणि १९३० वर फोन करा, केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, आणि ज्या पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता आणि हॅश हाताशी ठेवूनच फोन करा.